लान्चियाच्या उजव्या सीटवर

हिम्मतराव बिरादारांनी इटली नकाशातसुद्धा कधी शोधली नव्हती, पण इटलीत बनलेल्या दोन गाड्यांचे स्वभाव त्यांना घरच्या माणसांसारखे ठाऊक होते. कोण कशाने रुसते, कुणाला सकाळी जरा चुचकारून उठवावं लागतं, उन्हाळ्यात कुणाला सावली लागते, सगळं पाठ. गेली पस्तीस वर्षं त्यांनी दुसरं फारसं काही केलंच नव्हतं.

मूळचे ते भालकीकडचे. घरची शेती होती, पण चार भावांत ती कुणाच्याच वाट्याला धड येणार नव्हती. बाविसाव्या वर्षी ते हैदराबादला आले आणि नल्लकुंट्यातल्या एका गॅरेजात फियाटच्या कामाला लागले. त्याच गल्लीत अनिल साठे राहायचे. पुण्याचे इंजिनिअर, बालानगरच्या एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर. एकदा ते आपली फियाट घेऊन आले, तेव्हा हा पोरगा कार्बोरेटर उघडून त्यातला एकेक बारीक भाग वर्तमानपत्रावर ओळीने मांडत होता. साठे अर्धा तास नुसते बघत उभे राहिले. मग म्हणाले, "माझ्याकडे येतोस का? माझ्याकडे दोन गाड्या आहेत, त्यांना हात लावायला मी कुणाला देत नाही. तुला देईन."

एक होती अल्फा रोमिओ, जीटी ज्युनियर. कारखान्याच्या कामासाठी आलेला एक इटालियन माणूस परत जाताना साठ्यांना देऊन गेला होता. दुसरी लान्चिया फुल्विया, गडद निळी, मुंबईच्या एका परदेशी अधिकाऱ्याकडून घेतलेली. दोन्ही सदुसष्ट सालच्या, दोन्हींची इंजिनं जवळजवळ सारख्या ताकदीची, दोन्हींचं स्टिअरिंग डाव्या हाताला. पण सारखेपणा तिथेच संपायचा. अल्फा बोलकी. पाय दाबला की गाणार, वळणावर मागची चाकं जरा सरकवून दाखवणार, रागावली तर आधी आवाज करून सांगणार. लान्चिया अबोल. तिची पुढची चाकं गाडी ओढणार, मागची गुमान मागे येणार. खिडक्यांच्या पट्ट्या इतक्या बारीक की आत बसलं की काचेच्या खोलीत बसल्यासारखं वाटे. बॉनेट उघडलं तर कुठलाही नट कुठे कसाही बसवलेला नाही. कुणीतरी घड्याळ करता करता गाडी केली असावी.

"अल्फा ही प्रेयसी आहे आणि लान्चिया बायको," असं साठेसाहेब एकदा म्हणाले होते. तेव्हा त्यांच्या पत्नी, शैलाबाई, तिथेच उभ्या होत्या. जामबागच्या एका कॉलेजात त्या इतिहास शिकवायच्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे लान्चियाकडे तुमचं लक्ष नसणार." त्या वेळी सगळे हसले होते.

साठेसाहेब गेल्या वर्षी गेले. हृदयाचा त्रास होता, आठवडाभर दवाखान्यात होते. त्यानंतरही हिम्मतराव दर रविवारी दिलसुखनगरहून नल्लकुंट्याला यायचे, दोन्ही गाड्या सुरू करायचे, अंगणात चार फूट पुढे-मागे करायचे आणि पुन्हा कापड घालून ठेवायचे. शैलाबाई चहा द्यायच्या. बोलणं बेताचंच व्हायचं. एका रविवारी त्या म्हणाल्या, "हिम्मतराव, उभ्या उभ्या सडतील या. चालवणारा कुणी मिळाला तर देऊन टाकीन म्हणते."

मिळाला तो पुष्कर. पुण्याचाच, चाळिशीचा, कोकापेटच्या बाजूला एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठा माणूस. जुन्या गाड्यांचं त्याला वेड होतं, पण बाविसाव्या मजल्यावर राहायचा आणि तळघरात जागा होती एकाच जादा गाडीची. त्यामुळे दोघींतली एक निवडायची होती. तो शनिवारी सकाळी आला तो विजेरी, लोहचुंबक आणि रंगाची जाडी मोजायचं एक छोटं यंत्र घेऊन. तीन तास तो गाड्यांखाली लोळत होता. नवा शर्ट काळा झाला, त्याची त्याला पर्वा नव्हती. हिम्मतरावांना तो तिथेच आवडला.

"काका, अल्फाचा खालचा पत्रा दोन ठिकाणी गंजून गेलाय," तो बाहेर येत म्हणाला. "लान्चिया मात्र क्लीन आहे. एकदम क्लीन. पूर्ण बॉडीवर रंगाची जाडी सारखी. आणि अशा किती उरल्यात? अल्फा मला बाहेरसुद्धा मिळेल, पण ही नाही मिळायची." मग त्याने विचारलं, "तुम्ही असता तर कुठली घेतली असती?"

हिम्मतरावांनी कापडाला हात पुसले. "चालवायचं असंल तर अल्फा, बाबू. तिचे पार्ट मिळतात, आणि बिघडायच्या आधी ती सांगते. लान्चिया सांगत नाही. तिला ऐकणारा माणूस लागतोय. पण खरं इचारलं तर..." त्यांनी लान्चियाकडे पाहिलं. "तिच्यात बसलं की माणूस शहाणा होतो."

पुष्कर हसला. त्याच्या मनाने लान्चिया घेतलीच होती, हे दिसत होतं.

मग तो शैलाबाईंसमोर ओसरीवर बसला आणि त्याने एक जाड फाइल काढली. संग्राहकांमध्ये गाडीइतकीच किंमत तिच्या कहाणीला असते, असं त्याने समजावून सांगितलं. कुणी घेतली, कुठे फिरली, काय बदललं, कधी ठोकली. हे कागद गाडीबरोबर राहतात. "पन्नास वर्षांनी कुणी ही गाडी घेईल काकू, तर त्याला साठेकाकांबद्दल यातून कळेल."

शैलाबाई सांगत गेल्या, पुष्कर लिहीत गेला. अल्फाचं झाल्यावर लान्चियाची पाळी आली.

"हिला एक अपघात झालेला आहे," शैलाबाई म्हणाल्या. "शहाण्णव साल. चेवेळ्याच्या वाटेवर. लपवायचं नाही मला. लिहा तुम्ही: यजमान स्वतः चालवत होते. बेफाम चालवायचे. पुढचा ट्रक गाठायच्या नादात वडाला नेऊन घातली. कपाळाला सहा टाके पडले. त्यानंतर मी त्या गाडीत पाय ठेवला नाही."

पुष्करने विचारलं, "म्हणजे, एकदाही नाही?"

"एकदाही नाही. त्या वर्षी डिसेंबरात आम्ही हिच्यातून गोव्याला जाणार होतो. लग्नाला पंधरा वर्षं होत होती. मी म्हटलं, तुम्ही जा, मला जीव प्यारा आहे." त्या किंचित हसल्या. "फार बोलले मी त्यांना त्यावरून. जन्मभर बोलले."

हिम्मतराव पायरीवर बसले होते. हातातला चहा त्यांनी खाली ठेवला. पुष्करचं पेन कागदावर चालत होतं, त्याची बारीक कुरकुर त्यांना ऐकू येत होती. साठेसाहेबांच्या नावापुढे 'बेफाम' हा शब्द लिहिला जात होता, आणि तो तिथे कायमचा राहणार होता. ते उठले, "येतो बाई," म्हणाले आणि निघून गेले. गाड्यांवर कापड घालायचंही त्यांना सुचलं नाही.

कारण शहाण्णवच्या त्या रविवारी लान्चिया साठेसाहेब चालवतच नव्हते.

चालवत होते हिम्मतराव. तेव्हा त्यांना हिम्मत म्हणायचे. अठ्ठावीस वर्षांचं वय, घरी तीन दिवसांची लेक, अंगात वारं भरलेलं. शहराबाहेर आल्यावर साहेबांनी गाडी थांबवली आणि म्हणाले, "चल, पोरगी झाल्याचं बक्षीस. आज तू चालव." डाव्या स्टिअरिंगच्या गाडीत एक अडचण असते: पुढच्या वाहनापलीकडचा रस्ता चालवणाऱ्याला दिसत नाही, तो दिसतो उजवीकडे बसलेल्याला. म्हणून शेजारचा माणूस "चल" म्हणेपर्यंत पुढे काढायची नाही, हा साहेबांचा पहिला नियम. वडांच्या रांगेतून जाताना पुढे कोबीने भरलेला ट्रक होता. साहेब म्हणाले, "थांब." हिम्मतला वाटलं, दिसतंय की मोकळं. त्याने गाडी बाहेर काढली. समोरून मोटारसायकल, तिच्यावर नवरा-बायको आणि मधे मूल. त्यांना वाचवायला त्याने जोरात डावीकडे घेतली; गाडी ट्रकच्या मागे आली, रस्ता सोडून वडाच्या मुळांवर जाऊन आदळली.

मोटारसायकलवाले वाचले. साहेबांचं कपाळ फुटलं. हिम्मतच्या छातीवर स्टिअरिंगचा गोल वळ उठला.

साहेबांनी रुमाल कपाळाला धरला आणि तिथेच, मुळावर बसून, सगळं ठरवून टाकलं. "शैलाला सांगायचं, मी चालवत होतो. तिने मला आधीच बजावलंय, त्या पोराच्या हातात गाडी देऊ नका म्हणून. तुझं नाव निघालं तर ती तुला एक दिवस ठेवणार नाही. माझ्यावर काय, चार दिवस रागावेल. आणि ते छातीवरचं कुणाला दाखवू नकोस, त्यावरून कळेल."

ते चार दिवस अठ्ठावीस वर्षं चालले. गाडीचा पत्रा एका म्हाताऱ्या मिस्त्रीने असा ठोकून सरळ केला की पुट्टीचा कणसुद्धा भरावा लागला नाही. मग अख्खी गाडी रंगवली. इंजिन तोलणाऱ्या चौकटीला मात्र आतून जोड द्यावा लागला होता. तो काळ्या रंगाखाली होता, पुष्करच्या यंत्राला सापडला नव्हता. आणि शैलाबाईंच्या मनातला सल कुठल्याच मिस्त्रीला निघाला नाही. साहेब दर रविवारी लान्चिया बाहेर काढायचे आणि उजव्या सीटवर, जिथे बाईंनी बसायचं, तिथे हिम्मतराव बसायचे. कधी घरातून बाईंचं ऐकू यायचं, "सावकाश जा म्हटलं तर ऐकता का कधी?" साहेब दार ओढून घ्यायचे आणि म्हणायचे, "चल हिम्मत." त्यांच्याइतकी जपून गाडी चालवणारा माणूस हिम्मतरावांनी दुसरा पाहिला नाही.

संध्याकाळी घरी त्यांना जेवण गेलं नाही. त्यांच्या पत्नी मालनबाईंनी ताट तसंच मागे नेलं आणि समोर येऊन बसल्या. छातीवरच्या त्या वळावर त्यांनीच हळद लावली होती. एवढ्या वर्षांत त्यांनी कुणापाशी ब्र काढला नव्हता.

"काय झालंय?"

हिम्मतरावांनी फाइलीचं सांगितलं.

"मग सांगून टाका की."

"साहेबांनी शपथ घातलीय, मालन."

"साहेब गेले," मालनबाई म्हणाल्या. "त्यांनी शपथ घातली तवा तुमाला लेकरू होतं, नोकरी पाहिजे होती. आता त्याच लेकीचं, त्रिवेणीचं लेकरू शाळंत जातंय. आता कुणाला वाचवायलाव तुमी? त्यांना, का स्वतःला?"

सोपं होतं ते गप्प राहणं. अठ्ठावीस वर्षांत त्याची सवयच झाली होती. कुणी विचारलं असतं तर त्याला ते इमान म्हणाले असते. मालनने विचारल्यावर पहिल्यांदा त्यांना वाटलं, त्यात इमान किती होतं आणि भीती किती, हे आपण कधी तपासलंच नाही.

दुसऱ्या दिवशी पुष्कर निर्णय सांगायला येणार होता. हिम्मतराव पोचले तेव्हा तो आणि शैलाबाई लान्चियाजवळच उभे होते. पुष्करच्या हातात सहीचे कागद होते.

"थांबा बाबू," हिम्मतराव म्हणाले. "आधी दोन गोष्टी ऐका. एक तुमच्यासाठी हाय." त्यांनी गाडीखाली विजेरी धरली आणि डाव्या बाजूचा जोड बोटाने दाखवला. "तुम्ही क्लीन म्हणालात. नाही ती. पक्की हाय, पण जोडलेली हाय."

पुष्कर खाली वाकून बराच वेळ बघत राहिला.

"दुसरी बाईंसाठी." हिम्मतरावांनी तोंड वर केलं, पण डोळे त्यांच्याकडे नेता येईनात. "त्या दिवशी साहेब चालवत नव्हते, बाई. मी चालवत होतो. ते थांब म्हणत होते. मी ऐकलं नाही."

शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. शैलाबाईंनी गाडीच्या टपावर हात टेकला.

"पुन्हा सांगा."

त्यांनी पुन्हा सांगितलं. या वेळी सगळं: ट्रक, मोटारसायकल, वडाची मुळं, छातीवरचा वळ, आणि साहेब रुमाल धरून काय म्हणाले ते, शब्दन् शब्द.

"चार दिवस रागावेल, असं म्हणाले?"

"हौ बाई."

शैलाबाईंचा चेहरा रडण्यासारखा झाला नाही. तो एकदम म्हातारा दिसू लागला. "तुम्ही जा आता," त्या म्हणाल्या. "दोघंही जा."

पुष्कर फाटकाबाहेर हिम्मतरावांजवळ थांबला. म्हणाला, "काका, जोडाचं नसतं सांगितलं तर मला कधीच कळलं नसतं."

"म्हणूनच सांगितलं."

आठवड्याने पुष्करने अल्फा घेतली. अल्फाचा गंज निदान दिसतो तिथेच आहे, दुरुस्त करता येईल, असं त्याने फोनवर सांगितलं. आणि दुसरी गाडी काकूंकडेच राहावी असं वाटलं, हेही चाचरत सांगितलं. अल्फा न्यायला टेम्पो आला, तेव्हा हिम्मतरावांना बोलावणं नव्हतं. किल्ल्यांचा जुडगा त्यांनी त्याआधीच पुष्करच्या हाती बाईंकडे परत पाठवला होता. रविवारी काय करायचं हे त्यांना कळेना. ते दिलसुखनगरच्या बाजारात जाऊन भाजी घेऊन आले, तर मालनबाई म्हणाल्या, "कालच आणली की ही." दुसरा रविवार तसाच गेला. तिसराही.

चौथ्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी, शैलाबाईंचा फोन आला. "या," एवढंच.

त्या ओसरीवर बसल्या होत्या. चहा नव्हता. समोरच्या खुर्चीकडे त्यांनी बोट केलं. आजवर हिम्मतराव पायरीवरच बसत आले होते. ते खुर्चीच्या कडेवर टेकले.

"मी खूप विचार केला," शैलाबाई म्हणाल्या. वर्गात बोलाव्यात तशा, शांत, एकेक वाक्य पुरं करत. "तुम्ही गाडी ठोकलीत, त्याचा मला राग नाही. अठ्ठावीस वर्षांचा मुलगा ठोकतो गाडी. माझा राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे. तुम्ही दोघांनी त्या झाडाखाली बसून ठरवलंत, की शैला अशी वागेल. मला विचारलं कुणी? कदाचित मी तुम्हाला काढलं असतं. कदाचित नसतंही काढलं. घरी तीन दिवसांची मुलगी आहे म्हटल्यावर मी काय केलं असतं, हे मला स्वतःलाच आता कळायला मार्ग नाही. तो मार्ग तुम्ही बंद केलात."

हिम्मतराव मान खाली घालून ऐकत होते.

"आणि ते गोव्याला एकटे गेले नाहीत, माहीत आहे? मी जा म्हटलं, तरी गेले नाहीत. मला वाटायचं, हट्ट करतायत." त्यांनी अंगणातल्या गाडीकडे पाहिलं. "मला त्यांना एकदा तरी म्हणायचं होतं की, बरं चालवता हो तुम्ही. खोटं का होईना."

"खरं झालं असतं, बाई," हिम्मतराव म्हणाले. "लई जपून चालवायचे."

शैलाबाईंनी डोळे पुसले. मग उठून आतून एक कागद आणला. फाइलीतलं लान्चियाचं पान त्यांनी स्वतःच्या अक्षरात नव्याने लिहिलं होतं. हिम्मतरावांना वाचायला वेळ लागे. त्यांनी बोट फिरवत वाचलं. अपघाताच्या ओळीत लिहिलं होतं: 'गाडी हिम्मतराव बिरादार चालवत होते. अनिल साठे शेजारी बसले होते. दोष साठे यांनी स्वतःवर घेतला.' बस. 'बेफाम' नाही, 'थोर' नाही.

"बरोबर आहे?"

"बरोबर हाय."

"मग सही करा खाली. साक्षीदार तुम्हीच आहात."

त्यांनी सही केली.

तेवढ्यावर संपेल असं त्यांना वाटलं होतं. पण शैलाबाईंनी चपला घातल्या आणि अंगणात गेल्या. गाडीवरचं कापड त्यांनी स्वतः ओढलं. जामबागला त्या वीस वर्षं मारुती घेऊन जात होत्या, अफजलगंजच्या गर्दीतूनसुद्धा. गाडी चालवणं त्यांना नवं नव्हतं. डावीकडचं दार उघडून त्या स्टिअरिंगमागे बसल्या. सीट पुढे सरकेना, हिम्मतरावांनी खालचा खटका दाबून सरकवून दिली.

"मागे नका बसू," त्या म्हणाल्या. "मला उजवीकडचं दिसत नाही."

बॅटरी तीन आठवड्यांत उतरली होती. शेजारच्या गाडीला वायर जोडून सुरू करावी लागली. फाटकाबाहेर पडताना इंजिन दोनदा बंद पडलं. विद्यानगरच्या वळणावर एक ऑटोवाला जोरजोरात भोंगा वाजवत पुढे आला आणि डावीकडे स्टिअरिंग धरून बसलेली पांढऱ्या केसांची बाई पाहून गप्पच झाला. शैलाबाईंनी त्याच्याकडे बघितलंही नाही. ओठ घट्ट मिटलेले, दोन्ही हात स्टिअरिंगवर.

हिम्मतरावांना त्या कधी 'माफ केलं' म्हणाल्या नाहीत, आणि त्यांनी मागितलंही नाही. पण तेव्हापासून दर गुरुवारी सकाळी ते नल्लकुंट्याला जातात. बाई चालवतात, ते शेजारी बसतात. पहिल्या दिवशी बरकतपुऱ्यापर्यंत गेले होते, आता पार बाहेरच्या रस्त्यापर्यंत जातात. बोलणं अजून बेताचंच असतं, तेही बहुतेक गाडीविषयी.

"हिचा दुसरा गिअर असा अडकतो का नेहमी?"

"थंड असते तवर अडकतो बाई. ढकलू नका. जरा थांबा, तीच घेईल."

शैलाबाई थांबल्या. मग गिअर पडला, आणि त्या म्हणाल्या, "आलं ध्यानात."